सक्तीचे, पण ‘ऐच्छिक’ म्हणून छापलेले : एका मदत-मजकुराची अकरा वर्षे

धागा. आजचा विषय गडकिल्ल्यांचा नाही आणि लढायांचाही नाही. संगणकावरचा एखादा प्रोग्राम स्वतःविषयी जी माहिती छापतो, तिच्या खरेखोटेपणाचा हा विषय आहे. माझे मत आरंभीच नोंदवतो. प्रोग्राम जे करतो त्याहून वेगळे जर तो स्वतःविषयी सांगत असेल, तर तो प्रोग्रामचाच दोष होय. ‘केवळ मजकुरातील चूक’ म्हणून त्याला खालच्या पंक्तीत बसवणे अन्यायाचे आहे. हा अन्याय कसा रुजला हे समजण्यासाठी थोडे मागे, १९७१ पर्यंत जावे लागेल.

ज्यांचा कमांड लाइनशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. चित्रे आणि बटणे यांच्याऐवजी आज्ञा टंकून संगणकाकडून काम करून घेण्याची ही रीत. आज्ञेच्या नावापुढे आणखी काही शब्द लिहावे लागतात. त्यांपैकी काहींचा अर्थ त्यांच्या जागेवरून ठरतो. फाइलची प्रत काढायची असेल तर आधी मूळ फाइलचे नाव आणि नंतर प्रत जिथे ठेवायची तिथले नाव. काही शब्दांच्या आधी आडवी रेघ असते. त्यांना ऑप्शन, म्हणजे पर्याय, म्हणतात. आणि ‘--हेल्प’ असे टंकले की बहुतेक प्रोग्राम आपल्या वापराची माहिती छापतात. जुन्या छापील पानांवरची अक्षरे ओळखणारे टेसरॅक्टसारखे साधनही मुळात कमांड लाइनवरचेच आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे जग परके मानण्याचे दिवस सरले आहेत.

युनिक्स या कार्यप्रणालीच्या माहितीपुस्तिकेची पहिली आवृत्ती ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेची आहे. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ती लिहिली, आणि ती लिहिली जावी यासाठी त्यांचे वरिष्ठ डग मॅकिलरॉय यांनी आग्रह धरला. प्रत्येक आज्ञेला स्वतंत्र पान. पानावर ठरलेली शीर्षके : नाव, वापराची ओळ, वर्णन, संबंधित फाइली, संबंधित आज्ञा. या शीर्षकांत एक शीर्षक ‘बग्ज’ असे होते. आज्ञेत जे दोष आहेत ते तिच्या निर्मात्यानेच तिच्या पानावर लिहून ठेवायचे. आणखी एक शीर्षक होते ‘ओनर’, म्हणजे ही आज्ञा कोणाची, जबाबदार कोण. दोष आणि धनी दोन्ही एकाच पानावर नमूद करणारी दफ्तरे इतिहासात फार आढळत नाहीत.

या पुस्तिकेचे साधनमूल्यही मोठे आहे. युनिक्सच्या त्या पहिल्या आवृत्तीचा बराचसा मूळ कोड हरवलेला आहे. तिच्या गाभ्याची पुनर्रचना २००८ साली झाली तीसुद्धा १९७२ च्या एका छापील दस्तऐवजातील यादीवरून. ज्या आज्ञांचा कोड उरला नाही, त्या काय करीत असत याची मुख्य साक्ष आज त्यांच्या पुस्तिकेतील पानांचीच आहे. म्हणजे वस्तू गेली आणि तिचे वर्णन राहिले. प्राचीन इतिहासाच्या अभ्यासकाला ही परिस्थिती नवी नाही, परंतु संगणकासारख्या कालच्या विषयातही ती पन्नास वर्षांच्या आत यावी, हे लक्षात घेण्याजोगे आहे. वर्णन चुकीचे असेल तर काय होते, हा प्रश्न म्हणूनच केवळ तंत्रज्ञांच्या सोयीगैरसोयीचा राहत नाही.

पुढच्या टप्प्याविषयी थोडक्यात. प्रत्येक प्रोग्रामने आपले पर्याय स्वतःच्या पद्धतीने वाचू नयेत, सर्वांची रीत एक असावी, म्हणून ‘गेटऑप्ट’ नावाची पद्धत पुढे आली. १९८५ साली डॅलस येथील युनिफोरम परिषदेत एटी अँड टी कंपनीने तिचा कोड सर्वांसाठी खुला केला. गेटऑप्ट पर्याय वाचून देत असे. मदतीचा मजकूर मात्र लिहीत नसे. तो प्रोग्रामरने हाताने लिहायचा. साहजिकच दोन नोंदी निर्माण झाल्या. एक कोडमधली, जी यंत्र वाचते. दुसरी मजकुरातली, जी माणूस वाचतो. कोडमध्ये नवा पर्याय यायचा आणि मजकुरात भर घालायची राहून जायची. एकाच व्यवहाराच्या दोन वह्या ठेवल्या की त्यांच्यात तफावत येते, हे कोणत्याही जुन्या हिशेबनिसाने सांगितले असते.

(जाता जाता : या दोन वह्या एक करण्याची कल्पना गेटऑप्टच्या लोकप्रियतेहूनही जुनी आहे. डीईसी कंपनीच्या टॉप्स-२० या प्रणालीत आज्ञा टंकता टंकता मध्येच प्रश्नचिन्ह दाबले, की त्या ठिकाणी काय काय चालू शकेल याची यादी समोर येत असे, आणि ती यादी आज्ञा वाचणारी यंत्रणाच देत असे. संगणकाच्या इतिहासात चांगल्या कल्पना अनेकदा हरतात आणि पुढे नव्या नावाने परत येतात. त्यावर स्वतंत्र धागा होईल.)

ग्नू प्रकल्पाने आपल्या नियमांत प्रत्येक प्रोग्रामला ‘--हेल्प’ हा पर्याय असावा असे सांगितले आणि ती प्रथा दृढ झाली. त्यानंतर ‘हेल्पटूमॅन’ नावाचे साधन आले. ते प्रोग्रामला त्याचा मदत-मजकूर विचारते आणि जे उत्तर येईल त्यातून पुस्तिकेचे पान तयार करते. साधनपरंपरेच्या दृष्टीने येथे एक महत्त्वाचा बदल झाला. १९७१ साली पुस्तिकेचे पान हे स्वतंत्र साक्षीदार होते. आता ते दुसऱ्या साक्षीदाराची नक्कल झाले. दोन्ही साधने एकच गोष्ट सांगतात म्हणून ती खरी मानावी, हा आधार त्यामुळे ढासळतो. एकाच बखरीच्या दोन नकला म्हणजे दोन पुरावे नव्हेत.

आता मुख्य प्रकरण. पायथन या भाषेत ‘ऑप्टिक’ नावाची लायब्ररी होती. ती २००३ साली पायथन २.३ मध्ये ‘ऑप्टपार्स’ या नावाने समाविष्ट झाली. तिची जागा घेण्यासाठी स्टीव्हन बेथार्ड यांची ‘आर्गपार्स’ ही लायब्ररी आली; २०१० च्या पायथन २.७ पासून ती भाषेबरोबरच मिळू लागली. प्रोग्रामरने पर्याय एकदाच जाहीर करायचे : नाव काय, प्रकार कोणता, सक्तीचा की ऐच्छिक. त्या एकाच घोषणेवरून लायब्ररी वापरकर्त्याचे शब्द वाचते आणि मदत-मजकूरही तीच रचते. दोन वह्यांची एक वही झाली. तफावतीचा प्रश्न मिटला, असे कोणालाही वाटावे.

तो मिटला नाही. आर्गपार्स मदत-मजकुराचे दोन भाग पाडत असे. पहिल्याचे शीर्षक ‘पोझिशनल आर्ग्युमेंट्स’, म्हणजे जागेवरून ओळखले जाणारे घटक. दुसऱ्याचे ‘ऑप्शनल आर्ग्युमेंट्स’, म्हणजे ऐच्छिक घटक. आणि आडव्या रेघेने सुरू होणारा प्रत्येक पर्याय, प्रोग्रामरने तो सक्तीचा म्हणून स्पष्ट जाहीर केलेला असला तरीही, या दुसऱ्या शीर्षकाखाली छापला जाई.

यात एकाच प्रोग्रामच्या तीन साक्षी मिळतात. मदत-मजकुराच्या अगदी वर वापराची ओळ असते. तिच्यात ऐच्छिक गोष्टी चौकटी कंसात असतात, आणि आपला सक्तीचा पर्याय तेथे कंसाबाहेर दिसे. म्हणजे पहिली साक्ष : द्यावाच लागेल. चार ओळी खाली शीर्षक म्हणे : ऐच्छिक आहे. त्यावर विश्वास ठेवून तो गाळला, तर प्रोग्राम ‘हा घटक आवश्यक आहे’ असे सुनावून थांबे. पहिली आणि तिसरी साक्ष खरी, मधली खोटी. आणि तिन्ही देणारा एकच. हे तीन कागद एखाद्या परगण्याच्या दफ्तरात सापडले असते तर आपण त्यावर अंतर्गत विसंगतीचा निबंध लिहिला असता.

विसंगतीचे मूळ शोधले तर ते भाषेत सापडते. लायब्ररीच्या अंतर्गत परिभाषेत ‘ऑप्शनल’ याचा अर्थ ‘आडव्या रेघेने सुरू होणारा’ एवढाच होता. जुन्या युनिक्सच्या रीतीत रेघेचा शब्द हा स्वभावतःच ऐच्छिक असे, म्हणून दोन्ही अर्थ एकत्र नांदत होते. पुढे लायब्ररीने ‘रेघेचा, पण सक्तीचा’ असा नवा प्रकार चालू दिला. व्यवहार बदलला आणि शब्द तोच राहिला. दफ्तराच्या आतला पारिभाषिक शब्द जसाच्या तसा बाहेर छापला गेला आणि बाहेरच्या वाचकाने तो रूढ अर्थाने वाचला. वाचणाऱ्याची यात तिळमात्र चूक नाही. गंमत अशी की, पर्याय सक्तीचे करणे चांगले नव्हे, कारण लोक पर्याय ऐच्छिकच समजतात, असा सल्ला आर्गपार्सच्या अधिकृत माहितीत दिलेला आहे. लोकांचा समज काय असतो हे लेखकांना ठाऊक होते. तो समज पक्का करणारे शीर्षक मात्र त्यांच्याच लायब्ररीतून छापले जात होते.

ही चूक लपून राहिलेली नव्हती. पायथनच्या दोषनोंदवहीत ती २०१० सालीच ९६९४ या क्रमांकाने नोंदली गेली. दुरुस्ती आली ती ऑक्टोबर २०२१ मधील पायथन ३.१० मध्ये. शीर्षकातील दोन शब्दांऐवजी एकच शब्द, ‘ऑप्शन्स’, छापला जाऊ लागला. दुरुस्तीचा हा सारा विस्तार. अकरा वर्षे त्यासाठी लागली.

मधल्या काळात प्रोग्रामर आपापली वाट काढत होते. कोणी सक्तीच्या पर्यायांसाठी वेगळा गट करून त्याला स्वतः शीर्षक देई. कोणी लायब्ररीच्या आतल्या, बाहेरच्यांनी हात लावू नये म्हणून अधोरेखेने सुरू केलेल्या नावाला हात घालून शीर्षकच बदलून टाकी. पण हे ज्यांना चूक कळली त्यांच्यापुरते. बाकी सर्व प्रोग्राम तेच खोटे शीर्षक छापत राहिले.

विलंबाचे समर्थन करणारा युक्तिवाद मला ठाऊक आहे आणि तो पोकळ नाही. अनेक प्रोग्रामांच्या स्वयंचलित चाचण्या मदत-मजकूर अक्षरशः ताडून पाहतात. मजकूर बदलला की त्या चाचण्या नापास होतात. ३.१० च्या बदलांच्या यादीतही नेमका हाच इशारा आहे की, मजकुराशी तंतोतंत जुळणी पाहणाऱ्या चाचण्या बदलाव्या लागतील. जगभर वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीने सहजी काही बदलू नये, हे तत्त्व मलाही मान्य आहे. परंतु या प्रकरणी त्या तत्त्वाचा परिणाम काय झाला ते पाहा. चाचणी हे चूक पकडण्याचे साधन. येथे ती चूक जपण्याचे साधन झाली. मूळ प्रतीतला अपपाठ नकलनविसाने इमानाने उतरवावा, पुढच्या नकलनविसाने मागच्याशी ताडून ‘बरोबर’ असा शेरा मारावा, तसे हे झाले. प्रतींची संख्या वाढल्याने अपपाठ शुद्ध होत नाही, एवढे पाठचिकित्सा आपल्याला पहिल्याच वर्षी शिकवते. १८९८ साली राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडात अस्सल पत्रांच्या आधारे बखरींतील चुका दाखवल्या, तेव्हा त्या बखरी लोकांच्या अंगवळणी पडलेल्या होत्या, म्हणून काही त्यांनी हात आखडता घेतला नाही.

शिवाय विलंबाचा खर्च कोणी सोसला, हेही विचारायला हवे. जो जाणकार आहे तो मदत-मजकूर फारसा वाचत नाही. वाचला तरी वापराच्या ओळीतील कंस पाहून खरे ते ओळखतो. मदत-मजकूर मन लावून वाचतो तो नवशिका. इंग्रजी ही त्याची शाळेतली भाषा असेल तर तो शब्दकोशातल्या अर्थालाच धरून चालतो, आणि ‘ऑप्शनल’चा शब्दकोशातला अर्थ ऐच्छिक हाच आहे. मजकूर आणि अनुभव जुळले नाहीत की तो मजकुरावर संशय घेत नाही, स्वतःवर घेतो. चाचण्या दुरुस्त करण्याचा त्रास प्रोग्रामरांना होणार होता, तो वाचला. आणि त्याची भरपाई अकरा वर्षे नवशिक्यांनी केली. मला हा सौदा अयोग्य वाटतो.

याच लायब्ररीत याहून अडचणीचे एक उदाहरण आहे. समजा, ‘जुळवा’ नावाचा प्रोग्राम आहे. त्याला ‘--पाने’ या पर्यायापुढे एक किंवा अधिक पाने द्यायची आणि शेवटी निकालाच्या फाइलचे नाव. आर्गपार्स वापराची ओळ रचताना आधी पर्याय आणि मग जागेवरून ओळखायचे घटक असा क्रम लावते. म्हणून ओळ अशी दिसते : जुळवा --पाने पान [पान ...] निकाल. आता वाचकाने ही ओळ शब्दशः पाळली, तर लायब्ररी शेवटचे ‘निकाल’ हे नावसुद्धा पानांतच मोजते आणि वर ‘निकाल दिलेला नाही’ अशी तक्रार करते. निकालाचे नाव आधी लिहिले, तर सर्व सुरळीत चालते. म्हणजे लायब्ररी स्वतः छापलेली ओळ स्वतःच मान्य करीत नाही. हीही तक्रार २०१० पासूनचीच, क्रमांक ९३३८. येथे दोष एखाद्या शब्दात नाही. छापणारा भाग आणि वाचणारा भाग एकाच घोषणेवरून काम करीत असूनही त्यांचे नियम वेगळे आहेत, यात तो आहे. ‘एकाच उगमातून आले म्हणजे खरेच असणार’ हा विश्वास मला म्हणूनच भाबडा वाटतो.

तिसरे उदाहरण विनोदी आहे. पर्यायाच्या वर्णनात ‘५०% आकार’ असे टक्क्याचे चिन्ह एकदाच लिहिले, तर बाकी सर्व कामे नीट करणारा प्रोग्राम फक्त मदत मागितल्यावर कोसळू शके, कारण आर्गपार्सला ते चिन्ह जागा भरण्याची खूण वाटते. ते दोनदा लिहावे लागते. आधीच्या ऑप्टपार्समध्ये अशी अट नव्हती. त्यामुळे जुने वर्णन जसेच्या तसे नव्या लायब्ररीत आणणारा बेसावध राही.

उलट्या बाजूने जाण्याचा प्रयत्नही झाला. २०१२ साली व्लादिमीर केलेशेव्ह यांची ‘डॉकऑप्ट’ लायब्ररी आली. तिने क्रमच फिरवला : प्रोग्रामरने मदत-मजकूर लिहावा आणि लायब्ररीने तोच वाचून नियम ठरवावेत. मजकूर हीच आज्ञा. कल्पना मला मनापासून आवडते, पण तिचीही किंमत आहे. पर्याय आणि त्याचे वर्णन यांत डॉकऑप्टला किमान दोन मोकळ्या जागा लागतात. एकच पडली तर वर्णनातले शब्द पर्यायाचा भाग समजले जातात. येथे मजकूर खोटे बोलत नाही, पण मजकुरातल्या एका रिकाम्या जागेने प्रोग्रामचे वागणे बदलते.

मग उपाय काय? माझ्या मते स्वयंरचित मजकूर सोडून देण्याचे कारण नाही. हाताने लिहिलेल्या मजकुराची दशा आपण पाहिलीच. हवे ते इतकेच की, छापलेली वापराची ओळ त्याच लायब्ररीला वाचायला देऊन ती चालते का, हे पाहणाऱ्या चाचण्या असाव्यात. कालच्या मजकुराशी आजचा मजकूर ताडण्यापेक्षा मजकूर आणि वर्तन परस्परांशी ताडणे अधिक मोलाचे. दुसरे, १९७१ च्या त्या ‘बग्ज’ शीर्षकाला स्वयंरचित मजकुरात जागाच उरली नाही, कारण यंत्राला आपले दोष ठाऊक नसतात. ती जागा प्रोग्रामरने हाताने भरावी अशी सोय लायब्ररींनी सहज ठेवता आली असती. ज्ञात दोष नोंदवहीत अकरा वर्षे पडून असताना वापरकर्त्यासमोरच्या मजकुरात त्याची एक ओळही नसावी, याला मी निष्काळजीपणा म्हणतो.

आता संशोधनाच्या उपयोगाची एक गोष्ट. पायथनमधील एखाद्या साधनाचा जुना मदत-मजकूर कोठे छापलेला आढळला आणि त्याची तारीख ठाऊक नसेल, तर शीर्षक पाहावे. ‘ऑप्शनल आर्ग्युमेंट्स’ असेल, तर तो बहुधा ३.१० पूर्वीच्या पायथनवर तयार झालेला आहे. ‘ऑप्शन्स’ असेल आणि पर्यायाच्या लघु व दीर्घ अशा दोन्ही नावांपुढे मूल्याचे नाव दोनदा लिहिलेले असेल, तर तो ३.१० ते ३.१२ यांच्या दरम्यानचा. ऑक्टोबर २०२४ मधील ३.१३ पासून ते नाव एकदाच छापले जाते. प्रोग्रामरला शीर्षक स्वतः बदलता येते, म्हणून हा पुरावा एकट्याने पुरेसा नाही. परंतु कागदाच्या जलचिन्हावरून काळ ठरवण्याइतका तरी तो उपयोगी पडावा. पायथन २.७ ची शेवटची आवृत्ती २०२० साली निघाली. तिच्यापर्यंत ही दुरुस्ती पोहोचलीच नाही, आणि जिथे जिथे ती अजून चालू आहे तिथे सक्तीचा पर्याय आजही ‘ऐच्छिक’ म्हणूनच छापला जातो.